भालेराव आणि ढेरेकाका यांच्या गावी

स्पेनला जाऊन आल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. बैलांची झुंज पाहिली का, आणि तिथे आपल्यासारखे जेवण मिळते का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘भात मिळतो, पण त्यात शिंपले असतात’ असे दिले की मंडळींचे समाधान होते. मग इतक्या दूर जाऊन तुम्ही पाहिलेत तरी काय, असे मात्र कोणी विचारत नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, की आम्ही भालेराव आणि ढेरेकाका यांचे गाव पाहून आलो.

ही दोन नावे स्पेनमधल्या कुठल्याही कोशात सापडणार नाहीत. ती आमच्या अण्णांनी ठेवलेली आहेत.

अण्णा गिरगावातल्या एका छापखान्यात ब्लॉकमेकर होते. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, नको तो भाग ॲसिडने खायला लावायचा, उरलेल्या उंचवट्यावर शाई बसेल असे करायचे आणि पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करून द्यायचा, हे त्यांचे काम. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ते आम्हाला जवळजवळ दिसतच नसत. साऱ्या मुंबईचे दिवाळी अंक तेव्हा एकदमच छापायला पडत. मध्यरात्री घरी आले की त्यांच्या बोटांना ॲसिडचा वास येई. आई म्हणे, “आधी हात धुऊन या, मग मुलांना जवळ घ्या.”

या अण्णांनी एकदा रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. लंडनच्या कॅसेल कंपनीने छापलेले. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पाने गेलेली, शेवटची चाळीस-पन्नास पानेही गेलेली. पण मधे चित्रेच चित्रे! काळ्या रेघांची, दाट, पानभर चित्रे. एक हाडकुळा, दाढीवाला म्हातारा हातात भाला घेऊन तितक्याच हाडकुळ्या घोड्यावर बसलेला आणि मागून गाढवावर एक पोट सुटलेला गृहस्थ. अण्णांचे इंग्रजी अक्षरे ओळखण्यापुरते. तेव्हा भालेवाले ते भालेराव आणि ढेरीवाले ते ढेरेकाका असे बारसे होऊन गेले.

अण्णा रविवारी दुपारी भिंग घेऊन ते पुस्तक उघडीत आणि आम्हा मुलांना चित्रांवरून गोष्ट सांगत. त्यांच्या गोष्टीत भालेराव हे कुठल्याशा संस्थानातले जुने सरदार होते. संस्थान खालसा झाले, नोकरी गेली. आता भाला आहे, पण भाल्याचे काम कोणाकडे नाही. म्हणून ते गावोगाव काम मागत हिंडतात. लोक त्यांना हसतात, मारतात, पिंजऱ्यातसुद्धा घालतात. ढेरेकाकांचा पगार कैक महिने थकला आहे, पण ते काही सोडून जात नाहीत.

मधूनच गोष्ट थांबे आणि अण्णा चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवीत. “हे बघ. इकडे चित्र काढणाऱ्याचं नाव. आणि त्या कोपऱ्यात दुसरं बारीक नाव आहे ना, ते कोरणाऱ्याचं. दोघांची नावं आहेत!” या गोष्टीचे त्यांना भारी अप्रूप. त्याचे कारण कळण्याचे आमचे वय नव्हते.

पुढे मी कॉलेजात गेलो आणि इंग्रजीच्या तासाला उलगडा झाला. भालेराव म्हणजे डॉन क्विक्झोट, ढेरेकाका म्हणजे सांचो पांझा, पुस्तक सर्व्हांतिस या स्पॅनिश लेखकाचे आणि ते जगातले एक थोर विनोदी पुस्तक. त्या संध्याकाळी मी घरी येऊन मोठ्या ऐटीत जाहीर केले, “अण्णा, तुमची गोष्ट साफ चुकली. हा सरदार-बिरदार कोणी नाही. शिलेदारीची पुस्तकं वाचून डोकं फिरलेला म्हातारा आहे. पवनचक्क्यांना राक्षस समजतो. हसण्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे हे!”

ते वर्ष १९८३. छापखान्यात ऑफसेटची यंत्रे आली होती. ब्लॉक कोणाला नको होते. अण्णांना महिन्याभरापूर्वीच घरी बसवले होते. हे सारे मला ठाऊक होते, आणि तरी मी हसत होतो. त्या वयाला असले काही दिसत नाही.

अण्णांनी पुस्तक मिटले. म्हणाले, “लिहिणारा हसत असेल. पण ज्यानं हे कोरलंय, तो हसत नव्हता.”

त्यानंतर त्यांनी आम्हाला ती गोष्ट कधी सांगितली नाही. २००१ साली ते गेले. पुस्तक आणि भिंग माझ्याकडे आले. ते वाक्यही माझ्याकडेच राहिले.

तेव्हा निवृत्तीनंतर मुलाने “बाबा, युरोपात कुठे जायचंय?” असे विचारले, तेव्हा मी स्पेन म्हटले. आमच्या सौभाग्यवतींचे मत स्वित्झर्लंडला होते. पण बहुमताला न जुमानण्याचा धडा मी भालेरावांकडूनच घेतला होता!

माद्रिद शहरात पाऊल टाकले की भालेरावांची गाठ पडायला वेळ लागत नाही. प्लासा दे एस्पान्या नावाचा मोठा चौक आहे, तिथे स्वारी घोड्यावर बसून हात उंच करून उभी आहे. शेजारी गाढवावर ढेरेकाका. लोरेन्सो कुलो व्हालेरा या शिल्पकाराचे हे काम. मागे उंचावर दगडी सर्व्हांतिस बसले आहेत. गंमत अशी, की या लेखकाचे खात्रीचे असे एकही चित्र नाही. १६१३ साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःचे वर्णन केले आहे. गरुडासारखे नाक, पिकलेली दाढी आणि तोंडात मोजके सहा दात. त्यावरूनच पुढच्या चित्रकारांनी त्याला कल्पनेने घडवला. ज्याने लिहिले त्याचा चेहरा कोणाला माहीत नाही आणि जो कधी जन्मलाच नाही त्याला मात्र रस्त्यावरचे पोरही ओळखते! ही किमया लेखणीची खरी, पण तितकीच कोरणीचीही.

अतोचा रस्त्यावर ८७ क्रमांकाच्या जागी, हुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यात या पुस्तकाचा पहिला भाग छापला गेला. त्यावर साल आहे १६०५. दुसरा भाग १६१५ चा. तिथे स्मृतिफलक आहे. मी फलकापुढे उभा राहून नमस्कार केला, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, देऊळ आहे का ते?” म्हटले, छापखाना आहे. अण्णांच्या मुलाला तेवढे पुरे.

त्या पहिल्या आवृत्तीत क्विक्झोटचे चित्र नव्हते. मुखपृष्ठावर फक्त छापखान्याचे बोधचिन्ह होते. मनगटावर बसलेला, डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा आणि खाली सिंह. पण चित्राचा विचार सर्व्हांतिसच्या मनात नव्हता असे मात्र नाही. पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात लेखकाला तोलेदोच्या बाजारात या कथेचे अरबी हस्तलिखित सापडते, आणि त्यात चक्क एक चित्र आहे. घोडा इतका रोड, की त्याची हाडे मोजावीत! दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे हे दोघे एका खाणावळीत उतरतात. तिथे भिंतीवर जुन्या कथांची वाईट रंगवलेली कापडे टांगली आहेत. ती पाहून सांचो म्हणतो, की थोड्याच दिवसांत अशी एक खाणावळ आणि एक न्हाव्याचे दुकान राहणार नाही जिथे आपली चित्रे लागलेली नसतील. फक्त ती यापेक्षा बऱ्या हाताने काढलेली असावीत, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा.

सांचोचे भविष्य तंतोतंत खरे ठरले, पण घरच्यांनी त्याला उशीर लावला. मायदेशाआधी परक्यांनीच या जोडीची चित्रे कोरली. १६५७ साली हॉलंडातल्या दोर्द्रेख्त गावी निघालेल्या डच भाषांतरात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चोवीस चित्रे होती. १६६२ साली ब्रुसेल्सला सचित्र स्पॅनिश आवृत्ती निघाली. खुद्द स्पेनमध्ये सचित्र पुस्तक निघायला १६७४ साल उजाडले. या साऱ्या चित्रांत मारामाऱ्या, कोलांट्या आणि फजिती. आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्यासारखा हा म्हातारा आपटतो, आणि बघणाऱ्याने हसायचे. म्हणजे कॉलेजातला मी जे बोललो होतो, ते या कोरणाऱ्यांच्या तोंडचेच होते.

मग हळूहळू वारा फिरला. अठराव्या शतकात पॅरिसला कुआपेल नावाच्या चित्रकाराने राजेरजवाड्यांच्या भिंतींवरील विणीव पडद्यांसाठी या कथेची चित्रे काढली. त्यांवरून कोरलेल्या प्रती युरोपभर गेल्या आणि आमचे भालेराव एकदम दरबारी झाले. १७३८ साली लंडनला लॉर्ड कार्टरेट यांच्या पुढाकाराने चार खंडांची थाटाची स्पॅनिश आवृत्ती निघाली. तिच्यासाठी हॉगार्थने काढलेली चित्रे बाजूला राहिली आणि व्हँडरबँकची घेतली गेली. त्यांत म्हाताऱ्याला प्रथमच थोडी प्रतिष्ठा आली. लंडनच्या लोकांनी आपल्या लेखकाचा एवढा मान राखलेला पाहून स्पेनची राजमान्य भाषा अकादमी जागी झाली. १७८० साली होआकिन इबार्रा या माद्रिदच्या मुद्रकाने अकादमीसाठी चार खंड छापले. कागद, खिळे, शाई सगळे उत्तम हवे आणि चित्रांतले कपडे व हत्यारे क्विक्झोटच्याच काळातली हवीत असा आग्रह. सोबत त्याच्या भटकंतीचा नकाशासुद्धा! जो माणूस कधी हिंडलाच नाही, त्याच्या प्रवासाचा नकाशा!

हा सारा इतिहास मी हॉटेलच्या खोलीत सौभाग्यवतींना ऐकवीत असता त्यांना केव्हा झोप लागली ते कळले नाही.

दुसऱ्या दिवशी अतोचा स्टेशनजवळ कुएस्ता दे मोयानो नावाच्या चढावर गेलो. जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्यांची रांग तिथे १९२५ पासून आहे. एका टपरीत सुटी चित्रे चिमट्यांनी लावली होती. त्यांत एक पाहिले आणि पाय थबकले. खुर्चीत बसलेला म्हातारा, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार आणि भोवती घरभर पसरलेले राक्षस, शिलेदार आणि राजकन्या. आमच्या पुस्तकातले पहिले चित्र! अण्णांच्या गोष्टीत ही भालेरावांना पडलेली जुन्या संस्थानाची स्वप्ने होती.

मी खिशातून अण्णांचे भिंग काढले. टपरीवाला म्हातारबा माझ्याकडे कौतुकाने बघू लागला. “दोरे,” तो म्हणाला. मी दुसऱ्या कोपऱ्यातल्या बारीक नावावर बोट ठेवले. तो वाकला, त्याने चष्मा वर केला आणि हसला. “पिसान,” तो म्हणाला. आणि मग बोटे एकमेकांवर घासून, मान हलवून, काहीतरी लांबलचक सांगितले. मला त्यातले अक्षर कळले नाही, पण सगळे समजले. चाळीस युरो किंमत ऐकून सौ. म्हणाली, “फाटक्या पुस्तकाच्या एका पानाचे चाळीस?” मी म्हटले, घ्यायचे नाही, आपल्या घरी आहे. हे सांगताना मला जरा श्रीमंत झाल्यासारखे वाटले.

गुस्ताव्ह दोरे हा स्ट्रासबुर्गला १८३२ साली जन्मलेला फ्रेंच चित्रकार. स्पेनमध्ये हिंडून तिथले उजाड माळ आणि खाणावळी त्याने पाहिल्या होत्या. १८६३ साली पॅरिसला आशेत कंपनीने त्याचा क्विक्झोट दोन मोठ्या खंडांत काढला. लहानमोठी मिळून पावणेचारशेच्या घरात चित्रे, त्यांतली एकशेवीस पानभर. ती लाकडावर कोरली एलिओदोर पिसान याने.

हे काम कसे चाले ते ऐकण्यासारखे आहे. बॉक्सवुड नावाचे अतिशय घट्ट लाकूड आडवे कापून गुळगुळीत करायचे. हे झाड बारीक खोडाचे, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान लहान तुकडे जोडून ठोकळा करावा लागे. त्या ठोकळ्यावर दोरे थेट कुंचल्याने चित्र काढी, शाईच्या गडद-फिक्या छटांनी. पण छपाईला छटा ठाऊक नसते. तिला शाई लागली किंवा लागली नाही, एवढेच कळते. तेव्हा प्रत्येक छटेसाठी रेघा किती जाड, किती जवळ, कुठे वळवायच्या, हे कोरणाऱ्याने ठरवायचे. पांढरे दिसायला हवे ते कोरून काढायचे, काळे तेवढे उरू द्यायचे. आणि कोरता कोरता चित्रकाराने काढलेले मूळ चित्र नाहीसे होत जायचे. शेवटी उरायचे ते कोरणाऱ्याच्या हातचेच. तांब्याच्या चित्रांना वेगळे यंत्र आणि वेगळे पान लागे. हा लाकडी ठोकळा मात्र खिळ्यांच्या उंचीचा असल्याने मजकुराबरोबर एकाच फर्म्यात छापता येई. अण्णांचा जस्ताचा ब्लॉक हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ.

दोरे तरुणपणी व्यंगचित्रकार होता. त्याला हसवता येत नव्हते असे नाही. पवनचक्कीच्या चित्रात घोड्यासकट उडालेला म्हातारा पाहून कोणीही हसेल. पण पान उलटल्यावर तोच म्हातारा अफाट माळावर, मोठ्या आभाळाखाली, एवढासा होऊन चाललेला दिसतो. त्या आभाळातली हजारो रेघ पिसानने एकेक करून कोरलेली आहे. तिथे हसू येत नाही. दोनशे वर्षे ज्याला लोक हसले, त्याच्याकडे आता पाहून लोक गप्प झाले. इंग्रजीतला एक अक्षरही न वाचता अण्णांनी रेघांवरून ताडले होते ते हेच.

ला मांचा प्रांतात जायला माद्रिदहून अल्कासार दे सान हुआनपर्यंत आगगाडी आहे. तिथून टॅक्सी करून आम्ही काम्पो दे क्रिप्तानाला गेलो. दोन्ही बाजूंना सपाट, तांबूस जमीन, द्राक्षांची बुटकी झाडे आणि आभाळ. आपल्या सोलापूरकडच्या माळाची आठवण व्हावी. गाव पांढरेशुभ्र, घरांच्या भिंतींना खाली निळीचा जाड पट्टा. आणि वर टेकडीवर पवनचक्क्या. सध्या दहा आहेत, त्यांतल्या तीन सोळाव्या शतकातल्या, म्हणजे सर्व्हांतिसच्या डोळ्यांखालून गेल्या असतील अशा. चुन्याने सारवलेले गोल बुरूज, वर काळी टोपी. टोपीखाली चहूकडे लहान झरोके, वारा कुठून येतो ते बघायला. मग मागच्या बाजूने खाली आलेला लांबच लांब दांडा ढकलून टोपीसकट पंखे वाऱ्याकडे वळवायचे. पंख्यांच्या लाकडी चौकटीवर कापड ताणले की आत जाते फिरू लागते आणि गहू दळला जातो. राक्षस कसले, गावाची पिठाची गिरणी ती!

वारा मात्र राक्षसी होता. सौभाग्यवतींचा पदर आवरेना. शाळेची सहल आली होती. मास्तरांनी एका लुकड्या पोराच्या हातात काठी दिली, दुसऱ्या गुटगुटीत पोराला मागे उभे केले, आणि लुकडा ओरडत पवनचक्कीवर धावला. सारी पोरे पोट धरून हसली. मीही हसलो. अण्णा असते तर तेही हसले असते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. कारण आता मला दिसत होता तो मागचा गुटगुटीत पोरगा. तो हसत नव्हता. मित्र पडेल म्हणून दोन्ही हात पुढे करून तो मागोमाग धावत होता.

तिथून जवळच एल तोबोसो हे दुल्सिनेआचे गाव. तिथल्या सर्व्हांतिस संग्रहालयात निरनिराळ्या भाषांतले क्विक्झोट मांडलेले आहेत, त्यांतले कित्येक देशोदेशींच्या थोरामोठ्यांनी सही करून पाठवलेले. मी त्या कपाटांपुढे उभा असताना सौ. हळूच म्हणाली, “शेवटी काय होतं हो त्यांचं? मामंजी कधी सांगत नसत.”

आमच्या प्रतीला शेवटची पाने नव्हती. पुस्तकात शेवटी म्हातारा शुद्धीवर येतो, शिलेदारीचे वेड सोडतो आणि अंथरुणात मरतो. सांचो रडत रडत त्याला उठवायला बघतो, की चला, पुन्हा बाहेर पडू. एका भामट्याने १६१४ साली खोटा दुसरा भाग काढला होता. पुन्हा कोणी तसे करू नये म्हणून सर्व्हांतिसने नायकाला मारूनच टाकले. अण्णांना हे ठाऊक नव्हते. आम्ही “मग पुढे?” असे विचारले की ते म्हणत, “पुढे काय? हिंडताहेत अजून. काम मिळेल कधीतरी.”

मी सौभाग्यवतींना तेच सांगितले.

परत आल्यावर माळ्यावरची पेटी काढली. तीत अण्णांनी जपलेले जुने दिवाळी अंक आहेत. भिंग घेऊन त्यांतली चित्रे पाहत बसलो. प्रत्येक चित्राच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे, झोकदार, सुरेख. दुसरा कोपरा मोकळा आहे. कोणते ब्लॉक अण्णांचे हे आता सांगणार कोण? पण एका चित्रात, पावसाळी आभाळाखाली एक माणूस दूर चालला आहे, आणि त्या आभाळातली एकही बारीक रेघ तुटलेली नाही. मी त्या मोकळ्या कोपऱ्यात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, एक नाव लिहून ठेवले.